बॅकवर्ड कंपॅटिबिलिटीचा भंग (कमांड-लाइन साधने)

साधनाची नवी आवृत्ती बसवल्यावर जुनी आज्ञा चालेनाशी होणे, किंवा चालूनही वेगळेच काम करणे. टर्मिनलसमोर बसलेला माणूस मॅन्युअल उघडून आज्ञा दुरुस्त करतो. रोज रात्री क्रॉनवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला ती सोय नसते. साधनाचे पर्याय, आउटपुटमधील रकान्यांचा क्रम, एक्झिट कोड हे सारे तिने गृहीत धरलेले असते. म्हणून इथे आउटपुटची मांडणीसुद्धा वचनासारखी पाळावी लागते.

युनिक्समधील ‘सॉर्ट +१’ या आज्ञेचा जुना अर्थ होता, पहिला रकाना सोडून दुसऱ्यापासून पुढच्या मजकुरानुसार ओळी लावणे. पॉझिक्स मानकाच्या २००१ च्या आवृत्तीत तिचा अर्थ ‘+१’ नावाच्या फाइलीतील ओळी लावणे असा झाला आणि जुन्या कामासाठी ‘सॉर्ट -के २’ लिहिणे भाग पडले. तशी फाइल सहसा नसते, त्यामुळे त्रुटीचा संदेश येतो आणि बिघाड लगेच कळतो. खरा धोका दुरुस्तीत आहे. जुनी मोजणी शून्यापासून होती, नवी एकपासून आहे. घाईत ‘-के १’ लिहिले तर कसलीही तक्रार न येता चुकीचा क्रम लागतो आणि तो पुढच्या अहवालांत शिरतो. २००८ च्या मानकाने दोन्ही अर्थांना मुभा दिली, म्हणजे यंत्र बदलले की अर्थ बदलण्याची शक्यता कायम राहिली.

नुसता इशाराही भंग घडवू शकतो. ‘ईग्रेप’ १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून वापरात आहे. २०२२ मध्ये ग्नू ग्रेप ३.८ ने, ही आज्ञा कालबाह्य असून ‘ग्रेप -ई’ वापरा, अशी ओळ स्टँडर्ड एररवर छापायला सुरुवात केली. शोधाचा निकाल तोच होता, पण त्या प्रवाहावर काहीही आले की काम फसले असे मानणाऱ्या स्क्रिप्ट अडल्या. ग्नूमध्ये ‘ईग्रेप’ म्हणजे ‘ग्रेप -ई’ला हाक मारणारी चिमुकली शेल स्क्रिप्ट आहे, ती मुकाट चालू ठेवण्याचा खर्च नगण्य होता, आणि तेच योग्य ठरले असते.

गिट २.० ने (२०१४) मात्र बदल नीट हाताळला. पूर्वी नुसते ‘गिट पुश’ केले की आपल्याकडे आणि सर्व्हरवर समान नाव असलेल्या सर्व शाखा वर जात आणि अर्धवट काम नकळत सर्वांपुढे पोचे. आता फक्त चालू शाखा जाते. आधीच्या आवृत्त्यांनी याची सूचना दिली होती, आणि जुनी रीत हवी असणाऱ्यांसाठी ‘मॅचिंग’ ही सेटिंग राखून ठेवली आहे.