करवंटीवरचं ग्राफीन

नारळाची करवंटी लेझरखाली ठेवायची. किरण जिथून फिरेल तिथे काळीभोर रेघ उमटते आणि त्या रेघेतून वीज वाहते. ती रेघ ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थरांची असते. भट्टी लागत नाही, निर्वात पेटी लागत नाही, साध्या हवेत काम होतं. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या प्रयोगशाळेने २०१८मध्ये हे करून दाखवलं. या तंत्राचं कूळ शोधायला गेलं की एक धागा थेट बारामतीला पोचतो.

कारण यातला लेझर कार्बन डायऑक्साइड वायूचा, आणि तो शोधला कुमार पटेल यांनी. १९३८ साली बारामतीत जन्म, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, पुढे स्टॅनफर्ड आणि मग न्यू जर्सीतली बेल प्रयोगशाळा. तिथे १९६४च्या सुमारास त्यांनी हा लेझर सिद्ध केला. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, कागद, कापड, प्लास्टिक हा किरण चांगला शोषतात आणि तापतात. लाकडी पाट्यांवर अक्षरं कोरून देणाऱ्या दुकानांतही बहुधा हाच लेझर असतो. आपल्या मातीतल्या माणसाचं हे काम शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ग्राफीनचं घराणं निराळं. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली ग्रॅफाइटला चिकटपट्टी लावून थर सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा पापुद्रा मिळवला. २०१०चं नोबेल त्याबद्दलच. टूर यांच्या प्रयोगशाळेने २०११मध्ये बिस्किटं, चॉकलेट, गवत, अगदी झुरळाच्या पायापासूनही ग्राफीन काढलं; पण त्याला तांब्याचा पत्रा आणि हजार अंशांवरची भट्टी लागली होती.

वळण आलं २०१४मध्ये. पॉलिइमाइड नावाच्या मधाळ रंगाच्या प्लास्टिक फिल्मवर त्यांनी कार्यशाळेत असतो तसा लेझर फिरवला. किरणाच्या ठिपक्यापुरतं तापमान क्षणभर अडीच हजार अंशांवर जातं. ऑक्सिजन, नायट्रोजन वायू होऊन निसटतात, मागे कार्बन उरतो. वायू बाहेर पडताना तो फुगतो आणि आंबोळीसारखी जाळी पडते. मँचेस्टरचा सपाट, निर्दोष पापुद्रा आणि हा पदार्थ एकच समजू नये. इथे अनेक थर आहेत, चुरगळलेले, आणि कार्बन अणूंच्या षटकोनांमध्ये पंचकोन, सप्तकोनही घुसलेले. पण सच्छिद्रतेमुळे पृष्ठभाग प्रचंड वाढतो. वीज साठवायची असेल तर तेच हवं असतं.

प्लास्टिकवर जमलं ते लाकडावर लगेच जमेना. लाकूड हवेत जळून जायचं. २०१७मध्ये पाइनच्या लाकडावर ग्राफीन उमटलं, पण निष्क्रिय वायूच्या आवरणात. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन जितकं जास्त, तितकं ग्राफीन चांगलं, हेही तेव्हा कळलं. मग २०१८मध्ये खरी गोम सापडली: आधी कोळसा पाडायचा. लेझरच्या पहिल्या फेरीत पदार्थाचा अस्ताव्यस्त रचनेचा कोळसा होतो, आणि त्यावर पुन्हा किरण पडला की त्याचंच ग्राफीन होतं. फेऱ्याही वेगळ्या माराव्या लागत नाहीत. किरणाचा फोकस थोडा बिघडवला की ठिपका रुंदावतो, शेजारचे ठिपके एकमेकांवर येतात आणि एकाच फेरीत त्याच जागेवर अनेक वार होतात. करवंटी, बटाटा, बुचाचं लाकूड, पाव, सगळ्यांवर हे साधलं. कागद आणि कापड मात्र आधी अग्निरोधक द्रावणात भिजवावे लागले. माझ्या मते या साऱ्या प्रवासातला सर्वांत सुंदर विचार म्हणजे आधी कोळसा पाडणं. कोळसा बनेल असा कुठलाही पदार्थ चालतो, हे त्यातून सिद्ध झालं.

२०१८च्या या कामावरच्या शोधनिबंधाच्या लेखकांत स्वतंत्र प्रताप सिंग हेही होते, तेव्हा इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात. अशा ग्राफीनच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा थर सहजी धरत नाही आणि त्यातून वीज सोडली की पाण्यातले जिवाणू मरतात, हे त्यांनी सहकाऱ्यांसोबत दाखवलं होतं. पुढे ते आयआयटी मुंबईत आले आणि पाणी शुद्ध करण्यासाठी याच ग्राफीनवर काम करू लागले. हेच करवंटीवर करायचं तर अडचण आहे. पॉलिइमाइडची फिल्म सपाट असते, एकसारखी मिळते. करवंटी गोलाकार, आणि दर नारळाची जाडी निराळी. फोकस इकडचा तिकडे झाला की रेघेची प्रत बदलते. कोकणातल्या करवंट्यांपासून पाण्याची गाळणी बनवायची तर आधी हे सांभाळावं लागेल.