साडेतीन हजारांची गोष्ट

आमच्या अल बर्शाहून दुबई ऑटोड्रोम फार लांब नाही. हा रेसट्रॅक २००४ साली सुरू झाला. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या बाजूला गेलात तर पुढे एखादी चकचकीत एसयूव्ही, मागे ट्रेलर आणि ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळलेली छोटी स्पोर्ट्स कार अशी वरात दिसते. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हसू येतं. धडधाकट गाडी दुसऱ्या गाडीमागे बांधून कशाला न्यायची? पण ट्रॅकवर पळवायची गाडी बऱ्याचदा रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवलेलीच नसते. शिवाय तिकडे काही मोडलं तर परत कशी आणणार?

हा छंद लागला की पुढचा प्रश्न येतोच: ओढायला कुठली गाडी घ्यावी? आठवडाभर मुलांना शाळेत सोडायला बरी, दिसायला आलिशान, फार अवाढव्य नको. जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागलं की एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो: ३५००. इंजिन सहा सिलिंडरचं असो की आठ, कंपनी जर्मन असो की इंग्रज, आकडा तोच. एवढ्या वेगवेगळ्या गाड्यांची ताकद नेमकी सारखी कशी? या प्रश्नाचं उत्तर इंजिनात सापडत नाही, इतिहासात सापडतं.

सुरुवात जीपपासून करू. १९४१ च्या विलिस जीपचं इंजिन साधारण ६० अश्वशक्तीचं. तिच्यामागे लावायला अमेरिकन सैन्याने दोन चाकांचा ‘पाव टनी’ ट्रेलर बनवला. माल फक्त २२७ किलोच्या आसपास. उभा करून ठेवायला त्याला हँडब्रेक होता, पण चालताना लागणारे ब्रेक नव्हते. थांबवायचं सगळं काम जीपचंच. हीच विलिस जीप १९४७ पासून मुंबईत महिंद्राने जोडायला घेतली आणि पुढे सरकारी खात्यांतून महाराष्ट्रभर पोचली.

जीपचीच प्रेरणा घेऊन १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर आली. १९५१ मध्ये टोयोटाने ‘बीजे’ बनवली, तिलाच १९५४ पासून लँड क्रूझर म्हणू लागले. या दोन घराण्यांनी आखात पादाक्रांत केलं. इथे ब्रिटिशांनी १९५१ मध्ये उभ्या केलेल्या पलटणीकडे, म्हणजे नंतरच्या ‘ट्रूशल ओमान स्काउट्स’कडे, लँड रोव्हर होत्या. टोयोटाची दुबईतली एजन्सी अल फुतैम घराण्याकडे १९५५ मध्ये आली. त्या काळी इथे डांबरी रस्ते जवळजवळ नव्हतेच. वाळूतून जाताना वेगच कमी, त्यामुळे कोणी किती ओढावं याची कडक चौकशी कोणाला करावी लागली नाही.

चित्र बदललं १९७० मध्ये, रेंज रोव्हरमुळे. साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, चारही चाकांना कायम जोर, स्प्रिंगचं मऊ सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. मागच्या ॲक्सलवर एक खास यंत्रणा होती: भार पडून गाडीची शेपटी बसली की ती आपोआप पुन्हा वर उचलली जायची. इंग्लंडातल्या घोडेवाल्यांना आणि बोटवाल्यांना हीच गाडी हवी होती. ती हमरस्त्यावर भरधाव जात होती आणि जड ट्रेलरही ओढत होती. इथून पुढे मर्यादा कुठे आखायची हा प्रश्न खरा झाला.

युरोपच्या नियमांत ट्रेलरचे वर्ग आहेत. ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. त्यापुढे ब्रेक हवेतच, पण ३५०० किलोपर्यंत साधा, स्वस्त, ढकलीवर चालणारा ब्रेक मान्य आहे. म्हणजे काय, तर पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिला ढकलतो, जोडणीतला दट्ट्या मागे सरकतो आणि त्याच ढकलीने ट्रेलरचे ब्रेक दाबले जातात. ना वायर, ना हवेची नळी. ३५०० च्या वर गेलात की हा जुगाड चालत नाही. मग पुढच्या गाडीच्या ब्रेकशी जोडलेली यंत्रणा लागते, ट्रकला असते तशी.

म्हणजे ३५०० किलो ही त्या ढकल-ब्रेकची हद्द आहे! याचा पुरावा लँड रोव्हर डिफेंडरच्या जुन्या मॅन्युअलमध्ये आहे. ढकल-ब्रेकचा ट्रेलर असेल तर ३५०० किलो, आणि ब्रेक गाडीशी जोडलेले असतील तर ४००० किलो. गाडी तीच, इंजिन तेच. फक्त ब्रेक बदलले.

अमेरिकेत दुसरीच परंपरा वाढली. तिथे जड ट्रेलरला विजेचे ब्रेक असतात आणि ड्रायव्हरजवळ त्यांचं वेगळं बटण असतं. ट्रेलर डोलायला लागला की फक्त ट्रेलरचेच ब्रेक दाबून त्याला मागून ताणून सरळ करता येतं. ढकल-ब्रेकमध्ये ही सोय नाही.

दुसरा फरक वजनाच्या मांडणीचा. तो समजायला आपल्याला इंजिनिअरिंग नको, बैलगाडी पुरे. मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा ताबा जातो. ट्रेलरचंही तसंच. थोडं वजन पुढे, हुकावर दाबून पडायला हवं. अमेरिकेत एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार हुकावर ठेवतात. युरोपात कमी, बऱ्याच गाड्यांत तर १०० ते १५० किलोचीच परवानगी. मग युरोपियन ट्रेलर उलाळून उलटत का नाहीत? कारण वेग. जर्मनीत ट्रेलरसकट साधारण ८० ची मर्यादा (खास मंजुरी असेल तर १००), ब्रिटनमध्ये ताशी ६० मैल. प्रत्येक ट्रेलरचा एक ठरावीक वेग असतो. त्याच्या खाली डुलकी आली तर आपोआप विरते, त्याच्या वर वाढतच जाते. हुकावर भार कमी असेल तर हा धोक्याचा वेग खाली येतो.

आता ही गोष्ट दुबईत आणून बघा. शेख झायद रोडवर १२० ने वाहणारी गर्दी, गाडी युरोपच्या हिशोबाची आणि चालवणारा अमेरिकन थाटात.

बाजारही तसाच सरमिसळ आहे. इथे जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘जीसीसी स्पेक की अमेरिकन?’ आखातासाठी बनवलेली की अमेरिकेतून आणलेली. आणि इथेच त्या ३५०० चा सापळा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेली लेक्सस आरएक्स ३०० ही मूळ कॅम्रीच्या सांगाड्यावरची गाडी. तिथे तिचा ओढायचा आकडा ३५००च, पण पौंड. म्हणजे जेमतेम १५९० किलो! फोक्सवॅगन तुआरेग आणि पोर्शे कायेन या २००२ च्या जुळ्या बहिणी, त्यांचे ३५०० मात्र किलो. दोन्ही बाजारात शेजारी-शेजारी उभ्या असतात.

मग जुन्या जाणत्यांचा सल्ला, ‘लॅडर चॅसीची गाडी घे’, तो खरा का? एके काळी खरा होता. १९९७ ची मर्सिडीज एमएल लॅडर चॅसीवरच होती. पण १९९९ ची बीएमडब्ल्यू एक्स-५ एकसंध बॉडीची आली, २००५ मध्ये एमएलही तिकडे वळली, आणि तुआरेग-कायेनने एकसंध बॉडीवर साडेतीन टन ओढून दाखवले. उलट प्राडोच्या चॅसीवरच्या लेक्सस जीएक्स ४७० चा नंतरच्या वर्षांतला आकडा ६५०० पौंड, म्हणजे सुमारे २९५० किलो. चॅसीने टिकाऊपणा येतो. आकडा ठरतो तो ब्रेक, हुक, थंडावा आणि मागच्या ॲक्सलवर.

जाहिरातींनी मात्र आपल्याला ताकदच शिकवली. २००६ मध्ये इंग्लंडात एका तुआरेगने १५५ टनी बोइंग ७४७ ओढलं, १५० मीटर, ताशी ८ किलोमीटरने. २०१७ मध्ये पॅरिसला कायेनने २८५ टनी ए-३८० ओढलं, ४२ मीटर. सपाट धावपट्टीवर विमान हलवायला त्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का जोर पुरतो, म्हणजे ७४७ साठी दीड टन. खरी अडचण टायर घसरण्याची. म्हणून त्या तुआरेगमध्ये कित्येक टन वजन भरलं होतं. थांबवण्याची परीक्षा कोणी घेतलीच नाही!

ती परीक्षा कागदावर यायला २००८ साल उजाडलं. तोवर अमेरिकेत प्रत्येक कंपनी आपला आकडा आपणच ठरवायची. मग ‘जे२८०७’ नावाचं प्रमाण आलं. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ, बाहेर किमान ३८ अंश, एसी पूर्ण चालू, तरी वेग ६४ च्या खाली जाता कामा नये. शिवाय डोलण्याची आणि उतारावर उभं राहण्याची चाचणी. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांना ते सर्वांत आधी लावलं, तेव्हा त्यांच्या टुंड्रा पिकअपचे काही आकडे शेकडो पौंडांनी खाली आले. पिकअप तीच होती. दुबईचा ऑगस्ट मात्र ३८ वर थांबत नाही, तेव्हा इथे थोडी शिल्लक ठेवूनच विचार करावा.

आता हिशोब करू. कार १५०० किलो, दोन ॲक्सलचा उघडा ट्रेलर ७००, टायर, हत्यारं, पेट्रोल २००. एकूण २४००. आरएक्स इथेच बाद. २००२ ची व्हॉल्वो एक्ससी-९० सुद्धा, कारण तिची मर्यादा २२५० किलो. उरलेल्यांत हुकावर १० टक्के म्हणजे २४० किलो. त्यात चार माणसं ३०० आणि सामान ६०. झाले ६०० किलो! मधल्या आकाराच्या कित्येक आलिशान गाड्यांची एकूण वहनक्षमताच एवढी असते. ट्रेलर जोडण्याआधीच गाडी भरली. हा आकडा जाहिरातीत नसतो, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो.

म्हणून मी विचारणाऱ्याला इंजिनाचं विचारत नाही. ट्रेलरला ब्रेक कसले? हुकावर किती किलो चालतात? आकडा पौंडांत की किलोंत? या तीन प्रश्नांत टिकली ती गाडी घ्या, मग दोनशे अश्वशक्ती कमी असली तरी चालेल. आणि शेख झायद रोडवर कितीही हॉर्न वाजले तरी उजवीकडची लेन धरून ८०-९० नेच जा. (इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे संथ लेन उजवीकडची.)

तुम्हाला वाटेल, हे दुबईतले चोचले, आपल्याला काय त्याचं? पण गळिताच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत जातात, त्यांतल्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून निभतं, उतार लागला की निभत नाही. आज रेंज रोव्हर टाटांची आहे, २००८ पासून, आणि २०२४ पासून ती पुण्यातही जोडली जाते. तिच्या ट्रेलरला लागू असलेला ७५० किलोचा साधा नियम उसाच्या ट्रॉलीला लागू झाला, तर माझ्या मते त्याची किंमत या सगळ्या आलिशान गाड्यांपेक्षा जास्त असेल.

असो. वाळूत रुतलेली गाडी ओढून काढण्याचं शास्त्र वेगळं आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.