हरणे मोजायची कोणी?

गेली तीस वर्षे आम्ही ज्या सभांतून बोलत आलो, त्या सभांना मजुरी, बोनस आणि हजेरी यांपलीकडचा विषय सहसा नसे. तेव्हा या व्यासपीठावरून आम्ही अमेरिकेतल्या हरणांविषयी बोलणार, हे कळल्यावर आमच्याच मंडळींनी आम्हांला हसून घेतले. परंतु ही हकीकत वाचीत असता आम्हांला पदोपदी साखर कारखान्याच्या काट्याची आठवण होत होती. उसाने भरलेली गाडी काट्यावर उभी आहे आणि वजन सांगणारा माणूस कारखान्याचा आहे. वजन कदाचित बरोबर असेलही. पण ऊस घालणारा घरी जाताना 'काटा मारला' असेच म्हणत जातो. विस्कॉन्सिन नावाच्या राज्यात हरणांच्या गणतीवरून ऐंशी वर्षे जे भांडण चालले आहे, ते याच जातीचे आहे.

तिकडची शिकार म्हणजे राजेरजवाड्यांचा षोक नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटविला. त्यामुळे शिकारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिक आणि त्याच्या पायाखालचा वाघ उभा राहतो. विस्कॉन्सिनमध्ये मात्र कारखान्यातला फिटर, दूधवाला शेतकरी, शाळामास्तर असे लोक नोव्हेंबरात रजा काढून, परवाना घेऊन रानात जातात. आजही बंदुकीने हरणाची शिकार करणारांची संख्या तेथे पाच लाखांहून अधिक आहे. परवान्याची फी ते भरतात आणि १९३७ च्या संघराज्याच्या कायद्याप्रमाणे बंदुका-काडतुसांवरील कराची रक्कमही वन्यप्राण्यांच्या कामी लागते. म्हणजे खात्याचा खर्च पुष्कळसा याच लोकांच्या खिशातून चालतो. वर्गणी भरणारा सभासद हिशेब विचारणारच. त्याला अडाणी म्हणून चालत नाही.

आता हरणे वाढली कशी, ते पाहू. त्या राज्याच्या उत्तर भागात पांढऱ्या पाइनची प्रचंड अरण्ये होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड कंपन्यांनी ती साफ केली. मागे राहिलेल्या पालापाचोळ्याला आगी लागल्या. १८७१ साली पेश्टिगो गावाच्या आगीत हजाराहून अधिक माणसे मेली. खुंटांची जमीन गरीब वसाहतवाल्यांना विकण्यात आली, आणि ती शेती बहुतेक ठिकाणी बुडाली. मात्र जेथे उन्हाला वाव मिळाला तेथे कोवळी झुडपे फुटली आणि हरणांना तोंडापाशी चारा आला. लांडगा मारणाराला १८६५ पासून सरकारी बक्षीस होते, ते १९५७ पर्यंत चालले. त्यातच १९१५ साली फक्त नरच मारावा असा कायदा झाला. चारा भरपूर, शत्रू नाहीसा आणि मादीला अभय; मग कळप वाढले नसते तरच नवल.

पण झुडपे झुडपेच राहत नाहीत. वीस-पंचवीस वर्षांत ती उंच झाली, फांद्या हरणाच्या तोंडापलीकडे गेल्या. त्या मुलखात बर्फ कमरेइतके पडते. हिवाळा कडक झाला की हरणे देवदारासारख्या झाडांच्या दलदलीत आडोशाला गोळा होतात आणि पाय पोहोचेल तेवढ्याच टापूत राहतात. उभ्या हरणाचे तोंड जेथवर पोहोचते तेथवरचा पाला संपतो, आणि सगळ्या झाडांच्या बुडाशी कात्रीने कापल्यासारखी एक सरळ रेघ दिसू लागते. मोठी हरणे त्या रेघेपर्यंत पोहोचतात, पाडसे पोहोचत नाहीत, म्हणून पाडसे आधी मरतात. आणि मरतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिकारी घरी शेगडीपाशी बसलेला असताना. त्याची नि हरणाची गाठ पडते नोव्हेंबरात, तेव्हा हरीण धष्टपुष्ट असते. म्हणजे हरणांची उपासमार पाहणारा माणूस वेगळा आणि हरीण दिसले नाही म्हणून चिडणारा माणूस वेगळा. दोघेही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत होते. सगळा घोळ येथे आहे.

उपासमार पाहणारांचा पुढारी होता आल्डो लिओपोल्ड. हा वनखात्यातला माणूस १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यप्राणी-व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला. तरुणपणी नैर्ऋत्येकडच्या डोंगरांत लांडगे मारले की हरणे वाढतील अशा समजुतीने त्याने स्वतः लांडग्यांवर गोळ्या झाडल्या होत्या, आणि पुढे ही समजूत चुकीची होती हे उघडपणे लिहिले. १९४२ साली राज्याने हरणांच्या प्रश्नावर नागरिकांची एक समिती नेमली. लिओपोल्ड तिचा अध्यक्ष झाला. समितीने हिवाळी दलदलींत जाऊन मेलेली पाडसे पाहिली आणि निष्कर्ष काढला की कळप कमी केला पाहिजे, आणि कळप कमी करावयाचा तर माद्या मारल्या पाहिजेत.

१९४३ च्या नोव्हेंबरात तसा हुकूम निघाला. प्रथम चार दिवस शिंगाळ्या नरांचे, मध्ये थोडा खंड, मग चार दिवस बिनशिंगी हरणांचे, म्हणजे माद्यांचे व पाडसांचे. त्या हंगामात सुमारे १ लाख २८ हजार हरणे पडली. एवढा आकडा त्या राज्याने कधी ऐकला नव्हता. लोकांनी त्याला 'त्रेचाळीसचा गुन्हा' असे नाव ठेवले. 'विस्कॉन्सिनची हरणे वाचवा' या नावाचे पत्रही निघाले आणि त्याने प्राध्यापकाचा भरपूर समाचार घेतला. पुढच्याच वर्षी नियम फिरला. १९४८ पर्यंत पुन्हा फक्त नर.

येथे लिओपोल्डचे चरित्रकार सहसा शहाणा माणूस विरुद्ध अज्ञ जमाव असे चित्र रंगवितात. आम्हांला ते मान्य नाही. हरणांच्या बाबतीत लिओपोल्डचे बरोबर होते, हे आम्ही मानतो. पण विरोध करणारा कोण होता? उत्तरेकडचा उतारूगृहवाला होता. उन्हाळ्यात हरणे पाहावयास येणाऱ्या प्रवाशांवर त्याचा संसार चाले. ज्याच्या बापाला खुंटांची जमीन विकून फसविले गेले, तो शेतकरी होता. राजधानीतून आलेल्या शिफारशीवर विश्वास ठेवावा असे त्याला आजवर काय मिळाले होते? आणि तीस वर्षे 'मादी मारणे हे पाप' असे त्याला सरकारनेच शिकविले होते. एका हंगामात तेच सरकार म्हणते, मारा. आमच्या अनुभवात खात्यात नवा दर लावताना जो मालक असे करतो, त्याच्या फाटकावर दुसऱ्या दिवशी गर्दी असते, मग दर योग्य का असेना.

शिवाय शास्त्रज्ञांचा आकडाही काही वज्रलेप नव्हता. लिओपोल्डचा मुख्य दाखला ॲरिझोनातल्या कैबाब पठाराचा. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राखीव केले. लांडगे, कोल्हे, डोंगरी सिंह मारले गेले आणि हरणे अतोनात वाढून १९२० नंतर उपाशी मेली. ४ हजारांवरून १ लाख, असा आलेख त्याने छापला. पण १९२४ च्या सुमारास खुद्द जागेवरच्या वनाधिकाऱ्याचा अंदाज ३० हजारांचा होता. १ लाख हा पाहुण्यांपैकी काहींचा. १९७० साली ग्रेम कॉगली या संशोधकाने हे उघड केले, तेव्हा पाठ्यपुस्तकांतून कैबाबची गोष्टच काही काळ गळाली. पुढे २००६ साली तेथल्या ॲस्पेन झाडांची वये काढली गेली. हरणांच्या त्या गर्दीच्या वर्षांत रोपे जवळजवळ जगलीच नव्हती, असे दिसले. म्हणजे गोष्ट खरी निघाली, आकडा मात्र संशयाचाच राहिला. कैबाबची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. १९२४ साली काही लोकांनी घंटा वाजवीत, आरडाओरडा करीत हजारो हरणे हाकून दरीपलीकडे नेण्याचा घाट घातला. हरणे हाकणारांच्या मधूनच मागे पळाली, पलीकडे एकही गेले नाही.

लिओपोल्ड २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या रानातली आग विझविताना हृदयक्रिया बंद पडून वारला. त्याच्या पश्चात १९४९ ते १९५१ असे तीन हंगाम माद्या मारण्यास पुन्हा मोकळीक झाली. १९५० साली सुमारे १ लाख ६८ हजार हरणे पडली आणि पुन्हा बोंब उठली. भाषणांनी जे झाले नाही ते दोन साध्या गोष्टींनी होऊ लागले. १९५३ पासून मारलेले प्रत्येक हरीण नोंदणीच्या चौकीवर आणणे सक्तीचे झाले. पुष्कळदा ही चौकी म्हणजे गावातला पेट्रोलपंप, नाहीतर दारूचे दुकान. तेथे खात्याचा माणूस हरणाचा जबडा उघडून दातांवरून वय सांगे आणि भोवती गाव जमे. नरांत तरुण किती यावरून दरसाल किती नर मरतात ते निघते. मारलेल्या नरांवरून जिवंत नर, त्यांवरून माद्या व पाडसे. हिशेबात उणिवा आहेत. लहान टापूत तो फसतो. पण आता त्यातला पहिला आकडा शिकाऱ्याच्या स्वतःच्या गाडीवर होता. दुसरी गोष्ट १९५७ ची: चौघा शिकाऱ्यांनी मिळून एक जादा हरीण, नर असो वा मादी. चौघांत एक मादी मारणे हे कोणा एकट्याचे पाप राहिले नाही. पुढे राज्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागाचा वेगळा कोटा ठरू लागला.

मधल्या काळात हरणे इतकी वाढली की २००० साली ६ लाखांहून अधिक मारली गेली. १९९६ पासून काही भागांत आधी मादी मारा, मग नराचा हक्क, असा नियम होता. तो शिकाऱ्यांना अखेरपर्यंत पटला नाही आणि २०११ साली विधिमंडळाने काढून टाकला. २००२ साली हरणांच्या मेंदूचा एक असाध्य रोग राज्यात सापडला. रोगट पट्ट्यातील हरणे जवळजवळ निपटून काढण्याचा बेत खात्याने केला. शिकाऱ्यांनी त्यात मनापासून हात घातला नाही, रोग पसरत गेला. उत्तरेत लांडगे १९७० नंतर मिनेसोटातून आपल्या पायांनी परत आले, आणि हरणे कमी का, या प्रश्नाला आता तेही एक उत्तर झाले.

१९३४ पासून तेथे जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींची एक परिषद आहे. दर वसंत ऋतूत गावोगाव सभा होऊन नियमांवर मते घेतली जातात. (आपल्याकडे वसंतात व्याख्याने होतात, मते घेत नाहीत.) परिषदेचा अधिकार सल्ल्यापुरता आहे. २०१४ साली एका कडक हिवाळ्यानंतर उत्तरेच्या अनेक जिल्ह्यांत पुन्हा फक्त नर मारण्याचा नियम आला, १९१५ सारखाच. त्याच सुमारास प्रत्येक जिल्ह्यात हरणांसाठी सल्लागार मंडळे स्थापन झाली. त्यांत शिकाऱ्यांबरोबर शेतकरी, वनमालक, पर्यटनवाले, आणि रस्त्यावर हरीण आडवे येऊन गाड्या आपटतात म्हणून वाहतुकीकडचाही माणूस बसतो. कळप वाढवावा, राखावा की घटवावा, हे ती सुचवितात.

२०१५ पासून हरीण चौकीवर आणण्याची सक्ती गेली. आता शिकारी रानातूनच फोनवर वा संगणकावर नोंद करतो. खात्याचा खर्च वाचला, नोंद लवकर होऊ लागली. पण पेट्रोलपंपापाशी जबड्याभोवती जमणारा गाव पांगला, आणि मंडळाच्या बैठकीत समोर येणारा आकडा पुन्हा कागदावरचा आहे.