कोंडा, इसबगोल आणि आईचं पोट

श्रीरामपूरला घरी गेलो की आईचं एकच: ‘वजन उतरावं म्हणून कोबी-काकडी खाते, पोळीत कोंडा घालते, तरी पोट फुगतंच.’ तिला आयबीएस आहे.

चूक तिची नाही. १९७०च्या दशकात डेनिस बर्किट या सर्जनने आफ्रिकेतल्या अनुभवावरून फायबरचा महिमा सांगितला आणि आयबीएसवरही सर्रास गव्हाचा कोंडा दिला जाऊ लागला. १९९४ मध्ये मँचेस्टरच्या फ्रान्सिस आणि व्हॉरवेल यांनी सरळ रुग्णांनाच विचारलं. ५५ टक्के म्हणाले, कोंड्याने त्रास वाढला! बरं वाटलं फक्त १० टक्क्यांना. पुढे २००९ मध्ये २७५ रुग्णांच्या डच चाचणीत इसबगोलाने आराम पडला. तो पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, आतड्यात फारसा आंबत नाही, म्हणून गॅस कमी.

आईने कोंडा थांबवलाय. कोबीवर अजून वाद चालू आहे.