गरजेकडून रंजनाकडे : मुंबईच्या व्हिक्टोरिया गाडीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
घोडागाडी म्हटली की आज उद्यानातील किंवा समुद्रकिनाऱ्यावरील हौसेची फेरी डोळ्यांसमोर येते. एकेकाळी मात्र ती शहरी जीवनाची निकड होती. निकड संपून केवळ रंजन उरले, तेव्हा या वाहनाचे व त्यावर जगणाऱ्यांचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाहतुकीचे साधन :
मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०५ मध्ये ती बंद पडली आणि ७ मे १९०७ रोजी विजेवरील ट्राम धावू लागली. घोड्यांची ट्राम गेली तरी व्हिक्टोरिया टिकली. याचे कारण असे की, ट्राम रुळांना बांधलेली होती, तर व्हिक्टोरिया प्रवाशाला दारापर्यंत नेत असे. पुढे मोटार टॅक्सी आली. १५ जुलै १९२६ पासून बससेवाही सुरू झाली. हळूहळू व्हिक्टोरियाचा प्रवासी गेला व पर्यटक आला. गेटवे, नरिमन पॉइंट येथील फेऱ्यांपुरतीच ती उरली.

न्यायालयाचा निर्णय :
जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचा आधार घेताना मौजेची फेरी ही मानवी गरज नव्हे, हा विचार निर्णायक ठरला. गाड्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत देऊन चालक-मालकांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचे निर्देशही शासनास देण्यात आले. मार्च २०२१ मध्ये त्याच घाटाच्या, परंतु घोड्याविना, बॅटरीवरील गाड्या मुंबईत आल्या.

शंकरपटाशी तुलना :
सिंदेवाहीसारख्या झाडीपट्टीतील वाचकास येथे शंकरपट आठवल्यावाचून राहणार नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरविली. शंकरपटामागे शेतकरी समाज व परंपरेचे बळ होते. व्हिक्टोरियाच्या चालकांमागे तसे संख्याबळ नव्हते.

निष्कर्ष :
प्राण्याची वेदना बैलाची असो वा घोड्याची, सारखीच असते. तथापि, कोणते रंजन टिकावे हे पुष्कळदा त्यामागील समाजाच्या बळावर ठरते. घोड्याची सुटका योग्यच होती. मात्र तिची किंमत लगाम धरणाऱ्या हातांनी मोजली, याची नोंद इतिहासाने घेणे आवश्यक आहे.