रोहिणी गोडबोले : मूलकणांचे संशोधन आणि विज्ञानातील स्त्रियांचा प्रश्न

रोहिणी मधुसूदन गोडबोले (१२ नोव्हेंबर १९५२ – २५ ऑक्टोबर २०२४) या भारतातील अग्रगण्य सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ होत. मूलकणांविषयीचे संशोधन, प्रदीर्घ अध्यापन आणि विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांसाठी केलेले कार्य या तिन्हींसाठी त्या ओळखल्या जातात.

शिक्षण

त्यांचा जन्म पुण्यात झाला. शालेय शिक्षण हुजूरपागा या मुलींच्या शाळेत झाले. त्या काळी तेथे खालच्या इयत्तांत मुलींना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान शिकवले जाई. त्यामुळे सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी विज्ञानाची तयारी त्यांना वर्गाबाहेर करावी लागली. पुढे राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली. सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर १९७४ साली त्यांनी मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्सी. केले आणि १९७९ साली अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठातून पीएच.डी. संपादन केली. त्याच वर्षी त्या भारतात परतल्या.

संशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम केल्यावर १९८२ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात रुजू झाल्या. त्यांचे सर्वाधिक गाजलेले संशोधन याच काळातील आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे दाट झोत प्रचंड ऊर्जेने एकमेकांवर आदळवले, की त्या झोतांतून प्रकाशकण, म्हणजेच फोटॉन, बाहेर पडतात. फोटॉनला एरवी अंतर्गत रचना नसते. मात्र अतिउच्च ऊर्जेला तो क्षणमात्र क्वार्क व ग्लुऑन यांच्या समूहासारखा वागतो. असे दोन फोटॉन परस्परांवर आदळले, तर असंख्य कणांचा गदारोळ उडतो आणि ज्या दुर्मीळ घटनेचा शोध घ्यायचा ती त्यात झाकोळून जाऊ शकते. जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांच्यासह गोडबोले यांनी १९९१ साली गणिताने हा धोका दाखवून दिला. भावी त्वरकांची आखणी करताना हा परिणाम विचारात घेणे त्यामुळे आवश्यक ठरले. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसतानाही राज्य विद्यापीठातील विभागातून जागतिक महत्त्वाचे काम होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

हिग्ज कणाचे गुणधर्म, टॉप क्वार्क आणि अतिसममिती हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. अतिसममितीने सुचवलेल्या कणांवर ड्रेस आणि प्रबीर रॉय यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला.

अध्यापन

मुंबई विद्यापीठात तेरा वर्षे शिकवल्यानंतर १९९५ साली त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. या संस्थेने १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, यांना केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला होता आणि नंतर अटी घालून दिला होता. त्याच संस्थेत गोडबोले प्राध्यापक झाल्या आणि तेथे त्यांनी संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले.

विज्ञानातील स्त्रिया

भारतीय विज्ञान अकादमीच्या स्त्री-वैज्ञानिकविषयक समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी संपादित केलेला ‘लीलावतीज डॉटर्स’ हा इंग्रजी ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरून नाव घेतलेल्या या ग्रंथात आनंदीबाई जोशी, इरावती कर्वे, कमला सोहोनी यांच्यासह सुमारे शंभर स्त्री-वैज्ञानिकांचा जीवनपट आढळतो.

पीएच.डी. मिळवलेल्या स्त्रिया संशोधनातून बाहेर का पडतात, या प्रश्नावर सहकाऱ्यांसह त्यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. घरसंसारामुळे स्त्रिया विज्ञान सोडतात, असा सर्वसाधारण समज होता. पाहणीत मात्र अर्ज करूनही योग्य पद न मिळणे हे कारण ठळकपणे पुढे आले. दोष स्त्रियांच्या निष्ठेत नसून संस्थांच्या व्यवस्थेत आहे, हा त्याचा अर्थ. निवडप्रक्रियेत पारदर्शकता आणि निवड समित्यांत स्त्रियांचा समावेश यांवर त्यामुळे भर देण्यात आला. शासनाने आणि समाजाने खर्च करून घडवलेले मनुष्यबळ वाया जाणे हे विज्ञानाचेच नुकसान आहे, अशी गोडबोले यांची भूमिका होती.

सन्मान

देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींच्या त्या सदस्य होत्या. भारत सरकारने २०१९ साली त्यांना पद्मश्रीने गौरविले, तर २०२१ साली फ्रान्सचा राष्ट्रीय गुणवत्ता सन्मान त्यांना लाभला. पुण्यात वयाच्या ७१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रशिक्षित स्त्री-वैज्ञानिकांना त्यांच्या योग्यतेचे पद मिळावे, ही त्यांनी मांडलेली अपेक्षा पूर्ण करण्याचे दायित्व विद्यापीठे व संशोधन संस्थांवर आजही आहे.