वाळूवरचा मुक्काम, वाळूतला इतिहास

शाळेची सहल समुद्रकिनारी गेली की मुले वाळूत किल्ले बांधतात, शिंपले गोळा करतात आणि शिक्षक भरतीकडे डोळा ठेवून बसतात. अलीकडे कोकणात किनाऱ्यावर तंबू ठोकून रात्रभर राहण्याची पद्धतही रुळली आहे. ज्या वाळूवर आपण झोपतो ती तेथे केव्हा आणि कशी आली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे गाव फार चांगले आहे.

वाळूवरच्या मुक्कामाचे जगप्रसिद्ध ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील पाद्रे बेट. किनाऱ्याला समांतर पसरलेले हे वाळूचे बेट सुमारे १८० किलोमीटर लांब आहे. त्याच्या मोठ्या भागाला १९६२ साली राष्ट्रीय सागरकिनाऱ्याचा दर्जा मिळाला. अशी बेटे तयार होण्यास मंद उताराचा सपाट किनारा आणि भरपूर वाळू लागते. आपल्या कोकणात डोंगरांच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात. त्यामुळे येथे बेटांऐवजी दोन भूशिरांमधल्या लहान पुळणी आणि खाड्यांच्या तोंडाशी वाढणारे वाळूचे दांडे आढळतात. पावसाळ्यातील लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्या-उन्हाळ्यातील सौम्य लाटा ती परत आणून टाकतात. जी वाळू वाऱ्याने आत उडून मर्यादवेलीत अडकते, तिच्या टेकड्या बनतात.

केळशीला भारजा नदीच्या मुखाजवळ अशीच एक टेकडी आहे. पण तिची उंची १८ मीटरांच्या आसपास, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी! पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. तिच्या थरांत मध्ययुगीन मानवी वस्तीचे अवशेष सापडले. ही वाळू त्सुनामीच्या लाटांनी आणून टाकली असावी, असे मत त्यांनी मांडले आणि त्याची सांगड १५२४ सालच्या एका घटनेशी घातली.

ती घटना अशी. वास्को द गामा व्हाइसरॉय म्हणून तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता. सप्टेंबर १५२४ मध्ये दाभोळच्या आसपासच्या समुद्रात त्याच्या ताफ्यातील जहाजे वारा नसताना एकाएकी थरथरू लागली. खलाशी घाबरले. पोर्तुगीज बखरकारांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. दाभोळ ते केळशी हे अंतर सरळ रेषेत ४० किलोमीटरही नाही.

मग प्रश्न सुटला का? नाही, आणि येथेच विद्यार्थ्यांना विचार करायला लावता येतो. खोल समुद्रात त्सुनामीची लाट सहसा मीटरभरही उंच नसते आणि तिची लांबी कित्येक किलोमीटर असते. जहाजावरच्या माणसाला ती जाणवतही नाही. जहाजे थरथरली ती भूकंपाचे धक्के पाण्यातून वर पोहोचल्यामुळे. म्हणजे बखरीतील नोंद भूकंपाचा पुरावा ठरते, त्सुनामीचा नव्हे. दुसरीकडे, अरबी समुद्रात त्सुनामी येतच नाही, असेही म्हणता येत नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

निवाडा करायचा तो वाळूनेच. वारा फक्त बारीक, जवळजवळ एकसारखे कण उचलतो. जोरदार लाट जाड वाळू, शंखशिंपल्यांचे तुकडे आणि खोल तळावरील सूक्ष्मजीवांची कवचेही आणते. टेकडी एका तडाख्यात साठली असेल, तर तिच्या तळाच्या आणि माथ्याच्या थरांचे वय एकच भरेल. वाऱ्याने शतकानुशतके रचली असेल, तर तळ जुना आणि माथा नवा असेल. हे वय काढण्याची एक पद्धत प्रकाशावर आधारलेली आहे. वाळूचा कण गाडला गेला की आसपासच्या किरणोत्सारामुळे त्यात ऊर्जा साठत जाते. कणावर ऊन पडले की ती निघून जाते. साठलेल्या ऊर्जेवरून तो कण किती काळ अंधारात होता, हे कळते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. टेकडीचा उतार खणला, तंबूसाठी माथा सपाट केला किंवा वाळू उपसून नेली, तर त्या कणांवर ऊन पडते आणि शेकडो वर्षांचे घड्याळ काही मिनिटांत शून्यावर येते. वाळू पुन्हा तेथेच टाकली, तरी तिची तारीख परत येत नाही. जुना दस्तऐवज फाटला तर निदान तुकडे तरी जुळवता येतात. येथे अक्षरेच पुसली जातात. सागरकिनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या गटात ठेवले आहे. पण प्रत्येक टेकडीवर पहारेकरी कोठून आणणार?

आम्ही सहल नेणाऱ्या शिक्षकांना एवढेच सुचवू. मुक्काम गावातल्या घरी करावा. तंबूच हवा असेल तर तो परवानगी घेऊन, टेकडी आणि मर्यादवेल सोडून, भरतीरेषेच्या बऱ्याच वर लावावा. जुन्या कोळ्यांचा हिशेब मुलांना शिकवावा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चांदण्या रात्रीच्या सहलीत मुले झोपी जातात नेमक्या त्याच वेळी उधाणाचे पाणी सर्वांत वर येते! कासवांच्या हंगामात प्रखर दिवे टाळावेत. जवळच्या वेळास गावात 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांसह कासवांची घरटी जपली आहेत. किनाऱ्यावर पाहुणे येऊनही किनारा राखता येतो, हे तेथे पाहायला मिळते.

आणि केळशीला गेल्यावर टेकडीवर घसरगुंडी करू देऊ नये. खाली उभे राहून, उघड्या पडलेल्या कडेचे थर वहीत रेखाटून घ्यावेत: कोठे वाळू बारीक, कोठे जाड, कोठे शिंपले, कोठे खापरी. त्सुनामी की वारा, याचे उत्तर मुलांनी त्या रेखाटनावरून आधी आपले आपण द्यावे आणि मगच शिक्षकांनी बोलावे.